हॉलमधला पहिला माणूस

फोटो काढतो तो कॅमेरा मी नव्हे, मित्रांनो. मी एक जुना, काळा, पाटीसारखा आडवा, माणसाची हाडं ओळखणारा कॅमेरा आहे. तुम्ही गोरे की सावळे, ड्रेस ब्रँडेड की रस्त्यावरचा, केस स्ट्रेट केलेले की तेल लावून चापून बसवलेले, याच्याशी मला काही घेणंदेणं नाही. मी डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचे ठिपके खोलीभर फेकतो. ते कुठे जाऊन आपटतात यावरून समोर काय किती लांब आहे ते मला कळतं. त्या उंचसखल आकारात डोकं, खांदे, कंबर, गुडघे सापडले की मी म्हणतो, हा माणूस! एकदा मी असं म्हटलं की झालं. मग तुम्ही लाथ मारा, उडी मारा, गरागरा फिरा, पडद्यावरची आकृती तस्संच करणार.

किती भारी काम, नाही? मलाही तसंच वाटायचं. आता मला या कामाची चीड आली आहे. का, तेच सांगतो.

माझा जन्म एका लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला. माणूस कसा ओळखायचा हे मला तिथेच शिकवलं गेलं. कितीतरी शरीरं मला दाखवली. उभी, धावणारी, वाकलेली, नाचणारी, सोफ्यावर नाहीतर खुर्चीत बसलेली. जमिनीवर मांडी घालून बसलेलं माणूस मात्र मला कुणी दाखवलंच नाही. ज्यांनी मला शिकवलं त्यांच्या घरात बहुतेक कुणी खाली बसतच नसेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे लागणार आहे.

सुरुवातीला मी वाशीच्या एका मॉलमध्ये, गेम खेळायच्या जागी होतो. काय दिवस होते ते! पोरं माझ्यासमोर फळं कापत, बॉक्सिंग करत, घामाघूम होत. पोट सुटलेले काकासुद्धा बूट काढून उड्या मारत आणि म्हणत, "बघ, बघ, बरोब्बर पकडतो हा!" मी फुगून जायचो. मग नवीन खेळ आले. माझ्यासारखे कॅमेरे बनवणंही बंद झालं. मला एका खोक्यात टाकलं आणि जुन्या सामानात विकून टाकलं. सानपाड्याच्या मुझम्मिल नावाच्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने मला हौसेने घरी नेलं, थोडे दिवस खेळला आणि कपाटात रजयांच्या मागे ठेवून विसरला. तिथे मी किती वर्षं होतो ते मला सांगता येणार नाही. अंधारात मोजायला माणूस नसतो.

मला बाहेर काढलं ते त्याच्या धाकट्या बहिणीने, नूरीनने. स्वतःसाठी नाही, मैत्रिणीसाठी. तिची मैत्रीण म्हणजे करावे गावातली मनस्वी. दोघी दहावीत, एकाच बाकावर.

मनस्वीबद्दल काय सांगू! ती चालत नाही, उसळते. दात घासताना नाचते, लिफ्टची वाट बघताना नाचते. आधी म्हणे ती वर्गात उत्तर द्यायलाही उठायची नाही. यंदा गॅदरिंगला कुणीतरी आजारी पडलं म्हणून तिला ऐनवेळी नाचायला उभं केलं आणि हिला शोधच लागला, की आपल्याला येतं! तेव्हापासून तिचं अंगच बदललं.

पण तिचे पप्पा, केतनशेठ, बदलले नव्हते. या मंडळींची जमीन शहराला गेली, मग इमारती आल्या, भाडेकरू आले, चार मजली घर आलं. गावदेवीच्या जत्रेत मनस्वीने नाचासाठी नाव दिलं, तेव्हा पप्पांनी स्वतः जाऊन ते खोडून घेतलं. "आपल्या घरातल्या पोरी स्टेजवर नाचत नाहीत. गोटीरामची नात आहेस तू. लोकांनी बघत बसायचं का तुला?"

लोकांनी बघायचं नाही ना? मग मनस्वीने असं स्टेज शोधलं जिथे लोक तिला बघूच शकत नाहीत. डोळ्यांवर आभासी जगाचा हेडसेट चढवायचा आणि आत शिरायचं. आत तुम्ही कुणीही होता. निळा वाघ व्हा, पंखवाली राणी व्हा. नाच तुमचा, चेहरा भलत्याचाच. तिथे देशभरातल्या पोरापोरींचा एक नाचणारा ग्रुप होता. त्यांना एक नवीन जण हवा होता. रविवारी दुपारी चाचणी होती आणि ती एकदाच होणार होती. निवड झाली तर मनस्वी दर आठवड्याला हजारोंसमोर नाचणार, आणि पप्पांच्या लोकांना पत्ताही लागणार नाही.

हेडसेट मुझम्मिलचा होता, त्या दिवसापुरता मागून आणलेला. पण हेडसेटला फक्त डोकं आणि दोन हात कळतात. कमरेखाली माणूस आहे हे त्याला माहीतच नसतं. पाय कोण बघणार? मी!

रविवारी पप्पा नातलगांच्या हळदीला कळंबोलीला गेले, आई त्यांच्याबरोबर गेली, आणि पोरींनी मला हॉलमध्ये आणलं.

"नूरीन, ह्याची पिन लॅपटॉपला बसतच नाहीये!"

"मधे डबी लागते. आणि डबीला वेगळा प्लग. व्हिडिओत सांगितलं होतं, तू गाणं ऐकत होतीस तेव्हा."

मला आधी शोकेसवर गणपतीशेजारी बसवलं. तिथून मला दोघींच्या नुसत्या वेण्या दिसल्या. मग स्टुलावर ठेवलं, तर नुसते गुडघे. शेवटी स्टुलावर दहावीची गाइडं रचली आणि मी बरोबर कमरेच्या उंचीवर आलो. "चला, गाइडांचा काहीतरी उपयोग झाला," मनस्वी म्हणाली. खाडीकडच्या खिडकीतून ऊन येत होतं आणि उन्हात माझे ठिपके धुऊन जातात, म्हणून पडदे ओढले. तिचा घेरदार घागरा बघून मी गोंधळलो, मला वाटलं घंटा आहे. तिने लेगिंग घातली. मग हेडसेट चढवून, बुजगावण्यासारखे हात पसरून ती समोर उभी राहिली. माझं आणि हेडसेटचं गणित जुळवायला असं उभं राहावं लागतं.

मी ठिपके फेकले. माणूस सापडला. मी आनंदाने कळवलं, हा माणूस!

"नूरीन," मनस्वी आतून ओरडली, "माझे पाय कुठायत?"

नूरीनने लॅपटॉपवर बघितलं आणि हसत हसत जमिनीवरच बसली. "अगं, तुझं वरचं इथे आहे, आणि कंबर तिकडे भिंतीपाशी जाऊन खुर्चीत बसलीय! पाय फाकवून! शेटजीसारखी!"

मनस्वीने हेडसेट वर केला आणि मागे वळून बघितलं.

"शी! आबा!"

मित्रांनो, त्या हॉलमध्ये भिंतीच्या मधोमध एक मोठी कोरीव खुर्ची होती आणि त्या खुर्चीत मनस्वीचे आजोबा, गोटीराम, बसलेले होते. ते जाऊन काही वर्षं झाली होती. खुर्चीत होता तो त्यांचा पुतळा. हुबेहूब कातडी, खऱ्या मिश्या, खरा सफारी, मनगटावर खरं घड्याळ. हल्ली मोठ्या घरांतून अशी पद्धत निघाली आहे. सकाळी आबांसमोर चहाचा कप ठेवतात. दिवाळीला त्यांना नवे कपडे शिवतात. उन्हाळ्यात त्यांच्यासाठी पंखा चालू असतो. घरात कुणीही आलं की आधी त्यांच्या पाया पडायचं, मग पाणी.

मला हे काही माहीत नव्हतं. मला डोकं दिसलं, खांदे दिसले, खुर्चीतले गुडघे दिसले. मी माझं काम केलं. हॉलमधला पहिला माणूस म्हणून मी मेलेल्या माणसाला धरलं. वर ते हलत नसल्यामुळे इतकं घट्ट धरलं, की सुटतच नव्हते.

"खुर्ची सरकव."

"स्क्रूने बसवलीय गं जमिनीला. पप्पांनी मुद्दाम बसवून घेतली."

"मग कॅमेरा फिरव."

फिरवला. पण दुसरीकडे खिडकी, पडद्याच्या फटीतलं ऊन, मी आंधळा. तिसरीकडे काचेचं शोकेस, तिथून माझे ठिपके उलटेच परत आले. बाकीच्या खोल्यांत पलंग, कपाटं, पाय टाकायला जागा नाही. पुन्हा आबांसमोर येऊन थांबलो. चाचणीची वेळ जवळ येत होती. मनस्वीचा आवाज चिरकायला लागला. "जत्रेत पण हेच मधे आले. 'गोटीरामची नात, गोटीरामची नात.' आता इथे पण हेच!"

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. "काय गो, काय झाला?"

खरं सांगतो, मी दचकलो. हॉलमध्ये आणखी कुणी आहे हे मला कळलंच नव्हतं! ती मनस्वीची आजी, मालतीबाई. सुपात जवळा, म्हणजे ती बारीक सुकी मासळी, घेऊन त्यातला कचरा निवडत जमिनीवर बसली होती. सकाळपासून तिथेच होती. माझे ठिपके तिच्या अंगावरून जात होते आणि मी म्हणत होतो, गाठोडं. शिकवलेलंच तसं होतं मला. खुर्चीतला पुतळा माणूस, आणि जमिनीवरची जिवंत बाई सामान!

त्या घरात मला कुणी हसलं नसतं. त्या घराची रीत तीच होती.

मनस्वीने आजीला सगळं सांगितलं. "आजी, कॅमेऱ्याला वाटतंय आबाच नाचणारेत."

आजी खुदकन हसली. "ते काय नाचतान! जिते होते तवाबी कोनाला नाचू दिला नाय."

"म्हणजे?"

आजी सुपातला जवळा हाताने सारखा करत राहिली. "मी नाचायची गो. हलदीला मीच पुढं असायची. माज्याशिवाय बायका उठायच्या नायत. लगीन होऊन इकडं आली नि दिराच्या हलदीला नाचली. आबांनी सगल्यांच्या समोर माज्या हाताला धरला नि खाली बसवली. तवापासून बसलीच हाय मी."

नूरीनचं हसू थांबलं. मनस्वीने सगळा राग गिळला आणि तोंडातून फक्त एवढंच काढलं, "आजी, आता काय करू?"

आजीने सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली आणि स्वतःची गोधडी घेऊन आली. पुतळ्यासमोर थोडा वेळ थांबली. मग एका झटक्यात तिने गोधडी आबांवर टाकली आणि डोक्यावरून नीट ओढून घेतली.

"आजी! पप्पा ओरडतील!"

"ओरडू दे. माजा नवरा हाय. थंडी वाजत होती त्यांना म्हनून सांगीन."

माझ्यासमोरचं डोकं गेलं, खांदे गेले, गुडघे गेले. उरला एक ढिगारा. मी आबांना सोडलं. मनस्वीने हात पसरले आणि मी म्हणालो, हा माणूस!

काय नाचली ती, मित्रांनो! माझ्या अख्ख्या आयुष्यात इतकं काम मी केलं नव्हतं. टाच, गुडघा, कंबर, एका पायावर गिरकी, बसकण, उसळी. मला पळता भुई थोडी झाली, पण मी एक ठिपका चुकवला नाही. लॅपटॉपवर एक निळी वाघीण नाचत होती आणि स्पीकरमधून परीक्षक म्हणत होते, "ओ माय गॉड, हिचे पाय बघा! कोण आहे ही?" नूरीन दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

आणि नाच रंगात आलेला असताना मला बाजूला आणखी एक माणूस सापडला. डोकं, खांदे, वर गेलेले दोन हात. कंबर हळूहळू डुलत होती. पाय लुगड्यात दिसत नव्हते, तरी मी ओळखलं. आजी उभी होती. आजी नाचत होती! त्या घरात इतका वेळ असून मी तिला पहिल्यांदा माणूस म्हटलं.

दार उघडलं ते तेव्हाच.

केतनशेठ आले. मनस्वीची आई हळदीलाच थांबली होती, पण ते एकटे नव्हते. हळदीला भेटलेले पाहुणे त्यांनी गाडीत घालून आणले होते, आबांचा पुतळा दाखवायला. "चला, बघाच एकदा, वाटतं आत्ता बोलतील," असं जिन्यापासून चाललं होतं. पाहुणे आत आले. अंधारलेला हॉल, ओढलेले पडदे, आणि खुर्चीत डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं कुणीतरी. एकाने पटकन डोक्यावरची टोपी काढली आणि हळूच विचारलं, "शेठ, कोनाचं काय वाईट झालं का?"

केतनशेठचा चेहरा मला दिसत नाही, मला चेहरे कळत नाहीत. पण त्यांच्या खांद्यांची हाडं वर चढली ते मला दिसलं.

"आबांना झाकलं कोणी?"

मनस्वीच्या डोळ्या-कानांवर हेडसेट होता. ती नाचतच होती.

"मी झाकला," आजी म्हणाली. हात अजून अर्धे वरच होते.

"आई," ते पाहुण्यांकडे बघत दात आवळून म्हणाले, "तू बस खाली."

आणि ती बसली. हळूहळू, भिंतीला धरून. खांदे खाली गेले, डोकं खाली गेलं, आणि माझ्यासमोरून ती नाहीशी झाली. कोपऱ्यात पुन्हा गाठोडं. मी शोध शोध शोधलं. सापडली नाही.

मग त्यांनी माझी वायर उपटली.

पुढचं फक्त ऐकलं. माझ्यात छोटे माइक आहेत, ते कसे काय जागे राहिले देव जाणे. स्पीकरमधून कुणीतरी म्हणत होतं, "अरे, हिचे पाय गेले. नेट लॅग होतंय का? हॅलो? ओके, नेक्स्ट." मनस्वीने हेडसेट काढल्याचा आवाज आला. मग गोधडी सर्रकन ओढल्याचा. मग केतनशेठचा अगदी मऊ झालेला आवाज. मला वाटलं, मुलीची समजूत काढतायत.

"माफ करा, आबा. पोरं आहेत. माफ करा."

रुमाल घासल्याचा आवाज येत होता. ते पुतळ्याचा चेहरा पुसत होते.

"पप्पा," मनस्वी म्हणाली, "तो कॅमेरा आहे, त्याला कळत नाही कोण जिवंत आहे ते. तुम्हाला पण नाही कळत?"

ते ओरडले नाहीत. मारलंही नाही. त्याहून वाईट केलं, ऐकलंच नाही. "पाहुण्यांना पाणी आण," म्हणाले, "आणि आधी आबांच्या पाया पड." चहा झाला. पाहुण्यांनी पुतळ्याचं तोंडभरून कौतुक केलं. जाताना कुणीतरी घड्याळ खरं आहे का ते विचारलं.

मनस्वीची निवड झाली नाही. पुन्हा संधी द्यायचा त्यांचा नियम नव्हता. नूरीन हेडसेट घेऊन गेली आणि तिला आता या घरी यायची परवानगी नाही. मनस्वी दात घासताना नाचत नाही, असं आजी कुणालातरी फोनवर सांगत होती.

मला वाटलं होतं, मला भंगारात टाकतील. तसं झालं नाही. केतनशेठनी मला उचललं, माझ्या काचेवरून हात फिरवला, म्हणाले, "दिसायला चांगलाय," आणि आबांच्या बरोबर समोर शोकेसमध्ये ठेवून दिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "सीसीटीव्ही बसवलाय. आबांच्यावर लक्ष ठेवायला." वायर नाही, प्लग नाही. मी काहीच बघत नाही. पाहुणे "वा, वा" म्हणतात.

जुन्या वस्तू आपली कहाणी संपवताना नेहमी म्हणतात, आम्हाला जपा, आमच्यावरची धूळ झटका, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी असं काय म्हणू? मला तर इतकं जपतात, की लाज वाटते! या घरात एकदा तुम्ही हलायचे बंद झालात, की तुमची चंगळच. मलाही रोज पुसतात. आधी आबांना, मग मला.

पुसायला आजी येते, तिच्या पावलांवरून मला कळतं. सकाळी कामं उरकली की ती भिंतीला धरून उठते, मऊ फडकं घेते, आबांच्या मिश्या पुसते, घड्याळ पुसते, मग माझ्याकडे वळते. माझ्या काचेवर तिचा हात जरा जास्त वेळ थांबतो. दिवसभरात आम्हा दोघांना पुसण्यापुरतीच ती उभी राहते. मग जाऊन कोपऱ्यात बसते.

मित्रांनो, राहू दे माझ्यावर धूळ. कुणीतरी या घरी या, पाहुणे म्हणून आलात तरी चालेल. आबांच्या पाया पडा हवं तर. पण माझी वायर लावा. ती फडकं घेऊन समोर उभी असते ना, तेव्हाच लावा.